हरवला आहे

"मच्छूकाका, जुन्यातलं चांगलं चांगलं तेवढं काढा," रजत दारातूनच म्हणाला. "वीस मिनिटांची फिल्म आहे. पप्पांनी केबल कशी टाकली, पहिल्या बातम्या, गणपती, शहराची प्रगती. रडारड नको."

मच्छिंद्र मागच्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर टेपांनी भरलेली अकरा खोकी होती आणि प्रत्येक टेपेवर त्याच्याच हाताचं अक्षर होतं. धुळीमुळे रजत आत येत नव्हता. दसऱ्याला चॅनलला पंचवीस वर्षं पूर्ण होतात, मोठा कार्यक्रम घ्यायचा आहे, त्यात तुमचाही सत्कार आहे, असं सांगून त्याने वडिलांच्या लोखंडी कपाटाची किल्ली आत टाकली. जुने फोटो त्यात असतील, म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

'कुंडलिका चॅनल' नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कापडाच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. रजतचे वडील शिवनारायण सेठ यांचं घराणं तीन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं, धंदा सरकीचा. नव्वदीनंतर सेठनी गच्चीवर छत्री बसवली, दोनशे घरांत वायर नेली आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. दोन हजार सालच्या दसऱ्याला त्यांनी बातम्या सुरू केल्या. हसनाबादहून लग्नाच्या शूटिंगला येणारा मच्छिंद्र त्यांनी एका मांडवातून उचलला. पहिल्या दिवशी बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या मागे लावायला पडदा नव्हता, तेव्हा सेठच्या पत्नी सुगनबाईंनी घरून आपला निळा शालू पाठवला. बातमीदार म्हणून बुद्धभूषण नावाचा पंचविशीतला पोरगा होता. तो आणि मच्छिंद्र एका मोटरसायकलवर बसून जिल्हा पालथा घालायचे.

लोकांनी ते चॅनल डोक्यावर घेतलं. जालन्यात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं आणि उद्या कोणत्या भागाचा नंबर, ते 'कुंडलिका'वर आठ वाजता कळायचं. दुकानदार शटर अर्धं ओढून बसायचे. दिल्लीची बातमी चुकली तर चालायचं, ही चुकवत नसत. खाली पट्टी सरकत असायची: कोणाचा वाढदिवस, कोणाचा दशक्रिया विधी, कोण हरवलं. त्या दिवसांत मच्छिंद्र कॅमेरा खांद्यावर घेऊन निघाला की भाजीवालीसुद्धा पदर सारखा करायची.

मग घरोघरी डिश आली, सेट टॉप बॉक्स आले, शेवटी प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. रजतने चॅनल मोबाइलवर नेलं. आता दवाखान्यांची उद्घाटनं, प्लॉटच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस एवढंच उरलं होतं, आणि बावन्न वर्षांचा मच्छिंद्र तिपाईवर मोबाइल लावून ते टिपत होता. बातम्या वाचणाऱ्या बाई कधीच वारल्या होत्या. शालूचं काय झालं, कोणालाच माहीत नव्हतं.

कपाटात फोटो होते. फोटोंच्या मागे, कप्प्याच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एकच छोटी टेप होती. वर त्याचंच अक्षर: 'मिल, अक्षय्य तृतीया २०१०'. त्याखाली सेठच्या तिरक्या अक्षरात एक शब्द लिहिलेला होता: 'ठेवणे'.

मच्छिंद्र कपाटापुढेच खाली बसला. ही टेप पुसली, असं सेठनी त्याला पंधरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पुसलेल्या गोष्टीचं आपण काय करणार, असं म्हणत त्याने ही सगळी वर्षं काढली होती.

त्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या एका सळ्यांच्या मिलमध्ये नव्या भट्टीचं उद्घाटन होतं. आठच्या बातम्यांआधी या मिलची जाहिरात रोज लागायची, त्यामुळे जाणं भागच होतं. मालकाने नारळ फोडला, भट्टीवरच्या सहा कामगारांना ओळीत उभं करून पेढे वाटले. नुसते मालकाचे हात टिपून निघणं बुद्धभूषणला पटेना. त्याने माइक घेऊन ओळीतल्या प्रत्येकाला नाव-गाव विचारलं. पाच जण बिहारचे निघाले. सहावा आपल्याकडचा, पिवळ्या शर्टातला, तेवीसेक वर्षांचा पोरगा होता. दोघं ऑफिसात येऊन पाणी पितात तोवर भट्टी फुटल्याचा फोन आला. त्याच टेपेच्या उरलेल्या भागात मच्छिंद्रने धूर, बंब आणि झाकून नेलेली माणसं टिपली.

दुपारी मिलचा माणूस सेठजवळ तासभर बसून गेला. आठच्या बातमीत दोन कामगार दगावले, तीन भाजले, असं वाचलं गेलं. सहावा मिलच्या हजेरीपटावर नव्हताच. तो ठेकेदाराचा माणूस, चार दिवसांपूर्वीच काम सोडून गेला, असं मिलने पोलिसांना सांगितलं. बुद्धभूषण सेठसमोर उभा राहिला आणि टेप बातमीत दाखवा म्हणाला. सेठनी मच्छिंद्रपुढे हात केला. मच्छिंद्रने टेप त्या हातावर ठेवली. बुद्धभूषणने एकदा त्याच्याकडे पाहिलं, माइक टेबलावर ठेवला आणि पुन्हा कधी त्या जिन्याने वर आला नाही.

पाचव्या दिवशी झुंबरबाई आल्या. घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली होती आणि टीव्हीवर द्या, म्हणून कोणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या हातात मुलाचा शाळेतला फोटो होता. मिलवाले म्हणतात काम सोडून गेला, पण घरी तर आला नाही, त्याला तीन महिन्यांची लेक आहे, तो असा कुठं जाणार नाही, असं त्या परत परत सांगत होत्या. मच्छिंद्रने फोटो घेतला, नाव विचारलं आणि पट्टीचा मजकूर स्वतः लिहिला: 'हरवला आहे. कल्याण धर्मराज, वय २३, रंग सावळा, अंगात पिवळा शर्ट.'

झुंबरबाईंच्या गावात 'कुंडलिका'ची वायर नव्हती. लेकाचं नाव टीव्हीवर येतं का ते बघायला त्या तीन दिवस ऑफिसच्या जिन्यात बसून राहिल्या. आठ वाजता मच्छिंद्र त्यांना आत बोलवायचा आणि पट्टी सरकू लागली की वाचून दाखवायचा. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्या दिवशी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे त्याला नीट आठवत होतं.

आता त्याने जुना कॅमेरा पुसला, त्यात टेप घातली आणि शेवटपर्यंत पाहिली. मग तिची एक नक्कल मोबाइलमध्ये घेतली आणि टेप खिशात घालून तो सेठच्या घरी गेला.

शिवनारायण सेठ ऐंशीचे झाले होते. गुडघे गेले होते, डोकं मात्र शाबूत होतं. मच्छिंद्रने टेप त्यांच्यासमोर धरली.

"सेठ, पुसली म्हणाल्ता तुमी."

सेठनी चष्मा वर करून टेप पाहिली. त्यांना ना राग आला, ना धक्का बसला.

"पुसली असती तर मिलवाल्याने बारा साल जाहिरात दिली असती का? एक दिवस नागा नाही केला त्याने. बाकीच्या केबलवाल्यांची दुकानं बंद झाली, आपलं चाललं. तुला पगार मिळाला बराबर. तुझ्या पोरीच्या लग्नात तू उचल मागितली, मी ना नाही म्हणालो. कुठून दिली असेल, कधी विचारलं तू?"

मच्छिंद्रने टेपेचा हात मागे घेतला. त्याने खरंच कधी विचारलं नव्हतं.

मिल आता विकून टाकली आहे, नवे मालक कोणी परप्रांताचे आहेत, टेपेचा आता कोणाला उपयोग नाही, तेव्हा ती परत जागेवर ठेव, असं सेठनी समजुतीच्या सुरात सांगितलं. जुना मिलमालक दसऱ्याला प्रमुख पाहुणा म्हणून येणार होता. तुझी शाल त्याच्याच हातून आहे, म्हणाले. सुगनबाईंनी आतून चहा आणला. मच्छिंद्रने तो घेतला, कप खाली ठेवला आणि टेप खिशात घालून बाहेर पडला.

रस्त्याने जाताना त्याच्या मनात आलं, दसऱ्याला हीच टेप मोठ्या पडद्यावर लावावी. पाहुणा पुढच्या रांगेत बसलेला असेल, सगळं शहर बसलेलं असेल. स्टेशनच्या चौकापर्यंत त्याने तो सगळा देखावा मनात उभा केला आणि मग त्याची त्यालाच शिसारी आली. पुन्हा शहरालाच दाखवायचं होतं. जिचा मुलगा, ती बाई त्या देखाव्यात कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टात गेला. बुद्धभूषण तिथं पत्र्याच्या शेडखाली कॉम्प्युटर मांडून बसायचा, लोकांची शपथपत्रं टाइप करून द्यायचा. पंधरा वर्षांत दोघं एका शहरात राहून चार-पाच वेळाच समोरासमोर आले होते. बुद्धभूषणने मोबाइल हातात घेतला. पडद्यावर त्याचाच तरुण आवाज विचारत होता, नाव काय, गाव कोणतं. तो शेवटपर्यंत पाहत राहिला. मग त्याने मोबाइल परत केला.

"मला कामून दाखवून राह्यला? मी तर पाह्यलंच व्हतं तवा. त्या मायला दाखव आधी. मंग मह्याकडं ये."

एवढं बोलून तो समोरच्या माणसाचा कागद टाइप करू लागला.

दसऱ्याच्या सकाळी मच्छिंद्र घनसावंगीच्या गाडीत बसला. तिथून जीपने पुढे गेला. दोन्हीकडे ऊस उभा होता, जीपमध्ये झेंडूच्या माळा घेतलेली माणसं दाटीने बसली होती. मोबाइल तीनदा वाजला. तिन्ही वेळा रजत होता.

झुंबरबाईंचं घर गावाच्या शेवटी होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्या ओट्यावर आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. त्याला पाहून त्यांनी डोळे बारीक केले आणि नाव आठवलं नाही तरी म्हणाल्या, "टीव्हीवाले ना तुमी?" आतून शाळेचा पंजाबी ड्रेस घातलेली मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ही प्रियदर्शनी, कल्याणची लेक, दहावीला होती. तिच्या आईने सात वर्षं वाट पाहिली आणि मग माहेरच्यांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं, हे झुंबरबाईंनीच सांगितलं. सुनेबद्दल त्यांना तक्रार नव्हती. आपण मात्र लेकाचं काही केलं नाही, म्हणाल्या. भावकीने फार आग्रह धरला, पण हरवलेल्याचं तेरावं कसं घालायचं?

मच्छिंद्रने येताना काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते बाजूला ठेवून त्याने मोबाइल काढला आणि दोघींच्या मध्ये धरला.

कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसत होती. ओळ दिसली, पेढ्यांचं ताट दिसलं. एकेक करत बुद्धभूषणचा माइक शेवटच्या मुलापुढे आला. "कल्याण," तो मुलगा म्हणाला, आणि कॅमेऱ्याकडे बघून त्याला हसू आवरेना. "कल्याण धर्मराज. घनसावंगीकडचा हाय मी." बाजूचे बिहारी कामगारही हसले. मच्छिंद्रने टेप तिथंच थांबवली. पुढचा धूर त्याने दाखवला नाही, पण तासाभरात काय झालं आणि मिलने काय सांगितलं, ते एकही शब्द न गाळता सांगितलं.

"परत लावा," प्रियदर्शनी म्हणाली.

त्याने परत लावलं. तिने आणखी दोनदा लावायला सांगितलं. तिने बापाला फक्त शाळेतल्या त्या एका फोटोत पाहिलं होतं. त्याचा आवाज असा बारीक असेल, असं तिला वाटलं नव्हतं. तिने तसं म्हटलंही, पण कोणाला उद्देशून नाही.

झुंबरबाईंनी एकदाच पाहिलं. त्यानंतर त्या अंगणाकडे बघत होत्या. 

"पिवळा सदरा. तुमी वाचून दाखविल्तं मला. त्यानं काय घातलंय, मी तर सांगितलं नव्हतं. मी इथं गावात, मला कुठून ठावं? जीपमधी बसले तवा ध्यानात आलं. पंधरा साल इचार करून राह्यले, ह्या माणसाला कसं म्हाईत. मंग वाटायचं, कुणी पाह्यला आसंल त्याला पिवळ्या सदऱ्यात. फिरत आसंल कुठं."

मच्छिंद्रने मान खाली घातली. आपण तो शर्ट लिहिला आहे, हे त्याच्या तेव्हाही ध्यानात आलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. लिहिताना डोळ्यांपुढे टेपेतला पोरगा होता, शाळेतल्या फोटोतला नव्हता.

"म्हंजी तुमाला तवाच म्हाईत व्हतं."

"व्हय."

"मी जिन्यात बसले तवा बी."

"व्हय, मावशी."

झुंबरबाई उठल्या. त्या आता अंगावर धावून येतील, ओरडतील, गाव गोळा करतील, असं त्याला वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. त्यांनी पदर खोचला आणि ओट्यावरची पानं सुपात भरली.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "नुसती टेप नगं. तुमाला म्हाईत व्हतं, आन् तुमी सांगितलं न्हाई, हे लिहून द्या."

त्याने होकारार्थी मान हलवली. प्रियदर्शनीने आणलेला तांब्या तसाच भरलेला होता. झुंबरबाईंनी त्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी तो जालन्यात उतरला तेव्हा कार्यक्रम संपला होता. मांडववाले खुर्च्या रचत होते. त्याच्या नावाची शाल रजतने स्वीकारली होती आणि मच्छूकाकांची तब्येत बरी नाही, असं माइकवर सांगितलं होतं.

आठवड्याभरात बुद्धभूषणने शपथपत्र टाइप केलं. प्रत्येक वाक्य तो मोठ्याने वाचायचा आणि हे बरोबर आहे का, असं विचारायचा. 'मला माहीत होते' या वाक्यावर त्याचा आवाज जराही हलला नाही. टाइप करायचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत तेही सांगितलं नाही. झुंबरबाईंच्या नावाने कोर्टात दावा दाखल झाला. नोटीस मिलच्या नव्या मालकांना गेली, चॅनललाही गेली. त्या दिवशी रजतने मच्छिंद्रला केबिनमध्ये बोलावून उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तो आवाज चढवून बोलला नाही. पप्पांनी तुमच्यासाठी काय नाही केलं, एवढंच म्हणाला, आणि तिपाई व ओळखपत्र ठेवून घेतलं. सेठ त्याला पुन्हा भेटले नाहीत.

साक्ष उन्हाळ्यात झाली. कोर्टाच्या खोलीत पंखा फिरत होता आणि दहा-बारा माणसं होती. टेप दाखवली गेली, तारीख पाहिली गेली. मिलच्या बाजूचा वकील तरुण होता, अतिशय नम्र होता. त्याला टेप खोटी ठरवायची नव्हती. त्याने एकच गोष्ट विचारली.

"आपल्याला सगळं माहीत होतं, असं आपण म्हणता. मग पंधरा वर्षं गप्प का राहिलात?"

या प्रश्नाची तयारी मच्छिंद्रने महिनाभर केली होती. आईचं आजारपण होतं, पोरीचं लग्न होतं, सेठचे उपकार होते. टेप पुसली असंच आपल्याला सांगितलं होतं, हेही होतं. मागच्या बाकावर झुंबरबाई बसल्या होत्या आणि त्यांनी दसऱ्यानंतर पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"नौकरी व्हती," तो म्हणाला.

 वकिलाला मोठं उत्तर अपेक्षित असावं. न्यायाधीशांनी टंकलेखक बाईंकडे वळून सांगितलं, "लिहा. मला नोकरी होती, म्हणून मी सांगितले नाही." बाईंनी लिहिलं. आणखी काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं. मच्छिंद्रने नाही म्हटलं आणि दाखवलेल्या जागी सही केली.

बाहेर आल्यावर बुद्धभूषणने त्याला समजावून सांगितलं. पोरगा मेला असं कोर्ट बहुतेक म्हणेल, पंधरा वर्षं होऊन गेली आहेत. पण कुठं मेला, ते म्हणेल की नाही, सांगता येत नाही. मिल दोनदा विकली गेली, ठेकेदार वारला, नुकसानभरपाई द्यायला आता कोणाला धरायचं? पुढची तारीख चार वाजता कळणार होती.

आवारात लिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. झुंबरबाई आणि प्रियदर्शनी त्यावर बसून भाकरी खात होत्या. मच्छिंद्र येताना दिसला तशी प्रियदर्शनीने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. एका माणसापुरती जागा झाली. झुंबरबाईंनी हातातला घास खाली ठेवला, नातीच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि होती तिथंच परत ठेवली.

मच्छिंद्र चार वाजेपर्यंत उन्हात उभा राहिला.